तीन मापं, तीन उत्तरं : घरच्या शेडमधली मोजायची हत्यारं तपासायची कशी?

पत्र्याची_शेड | रविवार, रात्री ९:४८

राम राम मंडळी.

जुळे सोलापुरात घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे माझी. आठवडाभर बँकेतली खुर्ची, शनिवार-रविवार शेड. जुना लहान लेथ, बेंच ड्रिल, एक वाइस आणि हौस, एवढंच भांडवल. सध्या विळ्या-सुऱ्यांना धार लावायला बेल्ट ग्राइंडर करतोय. त्याच्या शाफ्टवर ६२०४ बेअरिंग बसवायचंय, म्हणजे शाफ्ट २० मिमी पाहिजे. व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) मोजत मोजत, जीव मुठीत धरून, बरोबर २०.०० ला थांबलो. सकाळी बेअरिंग लावायला गेलो तर टोकालाच अडकलं. हातोडीने दोन-चार ठोके दिले. ढिम्म.

मग घरात होतं नव्हतं ते सगळं काढून मोजलं.

जुन्या बाजारातला व्हर्नियर, ०.०२ चा : २०.००
सेलमध्ये ऑनलाइन घेतलेला डिजिटल कॅलिपर (आकडे दाखवणारा व्हर्नियर) : २०.०२
मामांचा मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रू फिरवून मोजायचं हत्यार (मामा गिरणीत फिटर होते, गिरणी बंद झाल्यावर तो आमच्याकडे आला) : २०.०३

शाफ्ट एकच, मोजणारा हात एकच. तिघांचंही शून्य बंद केल्यावर शून्यच दिसतं. मग खोटं कोण बोलतंय? आणि मोठा प्रश्न : ज्याने मोजायचं तेच तपासायचं असेल तर कशाने तपासायचं? लॅबला पाठवण्याएवढी यांची किंमत नाही. घरच्या घरी काही करता येतं का?

शेंगाचटणी | रविवार, रात्री ९:५५

तिघांना पारावर बसवा, पंच नेमा. जो आधी घामेल तो खोटा. (मे महिना आहे, तिघंही घामतील.)

टर्नर_अण्णा | रविवार, रात्री १०:३०

मालक, आधी एक सांगा. ठोके कुठं दिले? आतल्या रिंगवर का बाहेरच्या? बाहेरच्या रिंगवर ठोकलं असंल तर ते बेअरिंग बाजूला ठेवा, आता ते बेअरिंग नाही, खुळखुळा हाय. ठोका छर्ऱ्यातून आत जातो आणि रिंगच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. आज कळत नाही, महिन्याभरात घरघर सुरू.

आता मापाचं. अडतीस वर्षं लेथवर काढली, पूर्व भागात मागाचे सुटे भाग केले. माझा पहिला संशय व्हर्नियरवर. तुम्ही म्हणता शून्य बरोबर येतं. येणारच. जुन्या व्हर्नियरचे जबडे झिजतात ते मधे झिजतात, कारण जो तो जॉब, म्हणजे मोजायचा नग, मधेच धरतो. टोकं आणि मुळं शाबूत राहतात. बंद केलं की टोकाला टोक भिडतं, शून्य दिसतं. जॉब मात्र मधल्या खळग्यात बसतो. मग माप कमी दाखवणार का जास्त? विचार करा.

तपासायचं असं. जबडे कोऱ्या कागदात धरून कागद ओढून काढा, म्हणजे मळ निघंल. मग हलक्या हातानं बंद करून उजेडाकडं धरा. खिडकी चालंल, ट्यूबलाइट चालंल. मधून उजेडाची रेघ दिसली तर समजा. दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट असली तरी डोळ्याला उजेड दिसतो. एवढं स्वस्त गेज दुसरं नाही.

चव्वेचाळीस_अंश | रविवार, रात्री ११:०४

अण्णा, मूळ कारण कुणीच बोलत नाहीये. गरमी! जगभरात माप २० अंशांना खरं धरतात. आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये चाळीसच्या वर असतं. लोखंड फुगतं. शाफ्ट फुगला, बेअरिंग चढत नाही. इतकं सोपं आहे. पहाटे पाचला लावून बघा.

शेंगाचटणी | रविवार, रात्री ११:०६

२० अंश सोलापुरात फक्त गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत असतं, तेही पहाटे. म्हणजे ग्राइंडर संक्रांतीला पूर्ण होणार.

मायक्रॉनबाई | सोमवार, सकाळी ७:२०

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे. दिवसभर याच वादात असते, म्हणून राहवलं नाही.

२० अंशांची गोष्ट खरी आहे, १९३१ पासून ते आंतरराष्ट्रीय तापमान ठरलेलं आहे. पण इथे ते कारण नाही. साधा हिशोब करा. पोलाद एक मीटरला एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २० मिमीचा शाफ्ट कापून गरम असताना ६० अंशांवर असेल आणि शेड ३५ वर, तर फरक येतो जेमतेम सहा मायक्रॉनचा. यांच्या मापांत तीस मायक्रॉनचा गोंधळ आहे.

शिवाय दिशा उलटी आहे. गरम शाफ्ट फुगलेला मोजला, गार झाल्यावर तो आकसला, तर बेअरिंग ढिलं व्हायला हवं. यांचं तर चढतच नाही. आणि सकाळी लावताना शाफ्ट, बेअरिंग, व्हर्नियर सगळंच पोलादाचं आणि सगळं एकाच शेडमध्ये. तिघं सारखेच फुगले तर तुलनेत फरक पडत नाही.

चव्वेचाळीस_अंश | सोमवार, सकाळी ९:१०

हिशोब मान्य. पण गरमीने मला खड्ड्यात घातलंय, म्हणून बोललो. दोन वर्षांपूर्वी असाच मे, दुपारी दोन. ओळखीच्या एकाला ॲल्युमिनियमचं कव्हर करून दिलं, शंभर मिमीचा खांदा. मायक्रोमीटरने शंभर टक्के बरोबर. त्याने एसी खोलीत नेऊन लावलं तर ढकढक हलतंय. मला वाटलं माझं माप चुकलं. चूक माझी नव्हती, ॲल्युमिनियमची होती.

मायक्रॉनबाई | सोमवार, सकाळी ९:३२

चूक तुमचीच होती :) ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगतं, मीटरला अंशामागे तेवीस मायक्रॉन. २० ऐवजी ४० अंशांना शंभर मिमीचा तुकडा ४६ मायक्रॉन वाढतो, तुमचा पोलादी मायक्रोमीटर २३ वाढतो. उरलेले २३ मायक्रॉन तुम्हाला दिसलेच नाहीत. वर तो नुकताच लेथवरून उतरलेला असेल तर आणखी. ॲल्युमिनियम, पितळ आणि उन्हाळा असेल तर गार करूनच मोजायचं. पोलादाला पोलादाने मोजताना एवढी चिंता नको, फक्त जॉब आणि हत्यार एकाच टेबलावर अर्धा तास शेजारी ठेवा. मायक्रोमीटर मुठीत धरून गप्पा मारत बसू नका, तोही तापतो.

माग_चालू | सोमवार, दुपारी १:१५

तुमचं मायक्रॉन ऐकून हसू येतं. आमचे वडील मागाच्या क्रँकचं बुश बसवायचे, आयुष्यात मायक्रोमीटर धरला नाही. बुश घालायचे, शाफ्ट फिरवायचे, कान लावायचे. फटीत बिडीच्या बंडलाचा कागद जातो का बघायचे. कागद गेला तर ढिलं, अडकला तर ठीक. माग वीस-वीस वर्षं चालले. चादरी विणल्या, टॉवेल विणले.

आणि माप विचारलं तर सुतात. दीड सूत, पावणेदोन सूत. संपलं.

शंकासुर | सोमवार, दुपारी १:४०

दीड सूत म्हणजे नक्की किती हो? सुतार एक सांगतो, गवंडी दुसरं.

टर्नर_अण्णा | सोमवार, दुपारी ३:०५

इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. ज्याला हे माहीत नाही त्याला जुन्या मागाचा एकबी नट बसवता येणार नाही, सगळे इंची हाईत.

पण माग_चालू, तुमच्या वडिलांचं एक लई बरोबर. एकच नग करायचा असला तर आकडा कशाला? बेअरिंग हातात हाय ना? तेच गेज. शाफ्टच्या टोकाला पाच मिमी लांबी आधी उतरवा, बेअरिंग लावून बघा, मग बाकीचं काढा. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. आकडा लागतो तो शंभर नग करायचे असले की, नाहीतर एक भाग इथं आणि दुसरा भाग दुसऱ्या गावात होणार असंल तेव्हा.

माग_चालू | सोमवार, दुपारी ३:२०

बघा, अण्णा माझ्या बाजूने.

टर्नर_अण्णा | सोमवार, दुपारी ३:२४

अर्धा. बिडीचा कागद ओला असला की जाड होतो.

हॉटगी_रोडवरून | सोमवार, दुपारी ४:००

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कडकभाकरी | सोमवार, संध्या ६:१०

थोडं अवांतर. शेडमध्ये बेंचवर सपाट पृष्ठभाग म्हणून मी ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा ठेवलाय. चालेल ना? सरफेस प्लेटही (सपाटी तपासायची प्लेट) ग्रॅनाइटचीच असते.

शेंगाचटणी | सोमवार, संध्या ६:१२

ग्रॅनाइट कशाला, शहाबादी फरशी उलटी करून टाका. गाव जवळ आहे.

मायक्रॉनबाई | सोमवार, संध्या ७:४५

ओट्याचा ग्रॅनाइट चमकतो म्हणजे सपाट असतो असं नाही. पॉलिश करताना कडा उतरतात, मधे पोट राहतं. त्यापेक्षा काचेच्या दुकानातून १२ मिमी जाड काचेचा तुकडा घ्या, खाली तीन ठिकाणी आधार द्या. तुमच्या कामाला पुष्कळ.

आणि खरी सपाटी कुठून येते हे सांगण्याचा मोह आवरत नाही. दोन प्लेटा एकमेकींवर घासल्या तर त्या जुळतात, पण सपाट होतीलच असं नाही. एक फुगीर आणि एक खोलगट होऊनही त्या छान जुळतात. म्हणून तीन घ्यायच्या. पहिलीला दुसरी, दुसरीला तिसरी, तिसरीला पहिली. तिन्ही जोड्या जुळायच्या असतील तर तिघी सपाट असण्यावाचून गत्यंतर नाही. १९व्या शतकात इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने ही रीत सगळीकडे रुजवली. म्हणजे जगातली पहिली सपाट प्लेट दुसऱ्या कुठल्या सपाट प्लेटीवरून झालेली नाही.

धागाकर्त्याच्या मोठ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. चांगलं हत्यार नसलं तरी तीन वाईट हत्यारांना एकमेकांसमोर उभं करून पुष्कळ कळतं.

शेंगाचटणी | सोमवार, संध्या ७:४७

मी पहिल्याच प्रतिसादात पंचायत म्हणालो होतो. क्रेडिट द्या.

फिटरचा_मुलगा | सोमवार, रात्री ८:३०

बाईंनी सांगितलं त्यावरून बाबांची गुण्या तपासायची रीत आठवली. सरळ कडेची फळी किंवा पत्रा घ्यायचा. गुण्याचा दांडा कडेला लावून बारीक रेघ मारायची. मग गुण्या पालथा करून, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक पडल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक. पाणसळीलाही हीच युक्ती : एका बाजूने ठेवून बुडबुडा बघायचा, मग जागा न बदलता टोकाला टोक फिरवून ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळी त्याच बाजूच्या भिंतीकडे गेला तर टेबल तिरकं, बाजू बदलली तर पाणसळ तिरकी.

बाबा म्हणायचे, गुण्या खाली पडला की आधी त्याला सॉरी म्हण, मग तपास.

पत्र्याची_शेड | सोमवार, रात्री १०:१५

अण्णा, लाज वाटते, पण ठोके बाहेरच्या रिंगवरच दिले होते. बेअरिंग गेलं. नवीन आणलं.

व्हर्नियर कागदाने पुसून ट्यूबलाइटसमोर धरला. मधे दीड-दोन सेंटीमीटर लांबीची उजेडाची रेघ! टोकं पक्की बंद. इतके दिवस दिसली कशी नाही? शून्य बघून मी निश्चिंत होतो.

म्हणजे जॉब खळग्यात बसतो, जबडे जास्त जवळ येतात, माप खऱ्यापेक्षा कमी दिसतं. मी २०.०० समजलो, तेव्हा शाफ्ट प्रत्यक्षात जाड होता. बरोबर?

पण मग मायक्रोमीटरचं २०.०३ खरं कशावरून? तोही जुनाच आहे. डिजिटल तर २०.०२ म्हणतो.

टर्नर_अण्णा | सोमवार, रात्री १०:२२

बरोबर. पोरगं शिकलं.

मायक्रॉनबाई | मंगळवार, सकाळी ७:०५

छान. आता मायक्रोमीटर.

आधी डिजिटलचं सांगते. पडद्यावर ०.०१ पर्यंत आकडा दिसतो म्हणजे तेवढं खरं असतं असं नाही. चांगल्या १५० मिमीच्या कॅलिपरलाही वीसेक मायक्रॉन इकडेतिकडे मान्य असतं. त्याचं २०.०२ आणि मायक्रोमीटरचं २०.०३ यांत भांडण नाहीच. कॅलिपरमध्ये आणखी एक मूळचा दोष आहे : मोजपट्टी एका रेषेत, जॉब दुसऱ्या रेषेत. जोर लावला की सरकता जबडा तिरका होतो आणि टोकाशी चूक वाढते. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत. हा नियम अॅबे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये मांडला. म्हणून जॉब नेहमी जबड्याच्या मुळाशी धरा, टोकाला नाही.

मायक्रोमीटर तपासायला स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) लागतात, ते तुमच्याकडे नाहीत. पण बेअरिंगच्या दुकानात त्यांचे गरीब नातेवाईक मिळतात. बेअरिंगचा बाहेरचा व्यास फार काटेकोर असतो. ६०८ घ्या, स्केटिंगच्या चाकात असतं ते. बाहेरून २२ मिमी. साध्या दर्जातही ते २२.००० ते २१.९९१ च्या आतच असायला हवं. ६२३ बाहेरून १०, ६२५ बाहेरून १६. मात्र रुंदी मोजू नका, तिथे शंभर-सव्वाशे मायक्रॉनची सूट असते. लोक नेमकी रुंदी मोजतात आणि मायक्रोमीटरला शिव्या घालतात.

पुसा, शून्य बघा, रॅचेटने (टोकाच्या टिकटिकणाऱ्या फिरकीने) तीन टिकटिक होऊ द्या. हाताने आवळून नाही. एकाच जागी पाच वेळा मोजा. पाच वेळा पाच आकडे आले तर हत्यार नाही, हात तपासायचा.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:५०

आणि बेअरिंगच नकली निघालं तर? बाजारात काय मिळतं माहीत आहे ना. खोक्यावर नाव मोठं, आत भलतंच.

मायक्रॉनबाई | मंगळवार, सकाळी ९:००

रास्त शंका. म्हणून एक नको, वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार ६०८ घ्या. जुनी असली तरी चालतील, बाहेरून गंज नको. चारही एकाच मापाने खोटी निघणं अवघड. तिघं २१.९९ ते २२.०० म्हणाले आणि एकटं २१.९६, तर ते एकटं फेका.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:०४

म्हणजे पुन्हा पंचायत.

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ९:०५

क्रेडिट.

मायक्रॉनबाई | मंगळवार, दुपारी १:३०

सकाळी एक मुद्दा राहिला, जेवणाच्या सुट्टीत लिहिते.

बेअरिंगांच्या तपासणीत एक फसगत आहे. १०, १६, २२ हे सगळे पूर्ण मिलिमीटर. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक वेळी थिंबल (आकड्यांचा फिरता नळा) शून्याच्या रेघेवरच येऊन थांबणार. फिरकीच्या मधल्या भागात चूक असेल तर ती कधी दिसणारच नाही. म्हणून लॅबमध्ये मुद्दाम विचित्र मापाचे ठोकळे वापरतात : २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ असे. प्रत्येकाला थिंबल वेगळ्या कोनात थांबतं.

घरी काय करायचं? इथे अण्णांचे सूत कामाला येतात! बेअरिंगच्या दुकानात सुटे इंची छर्रे मिळतात. एक सुती ३.१७५, दीड सुती ४.७६२, दोन सुती ६.३५, अडीच सुती ७.९३७, तीन सुती ९.५२५. एकही पूर्ण मिलिमीटर नाही, थिंबल दर वेळी वेगळीकडे. सायकलच्या दुकानातले वापरलेले नकोत, ते झिजलेले असतात.

माग_चालू | मंगळवार, दुपारी १:५२

शेवटी सूतच कामाला आलं. नोंद घ्यावी.

कडकभाकरी | मंगळवार, दुपारी २:१०

एक भाबडा प्रश्न. तुमची लॅब जे सर्टिफिकेट देते, ते मिळालं म्हणजे हत्यार बरोबर झालं असं ना?

मायक्रॉनबाई | मंगळवार, रात्री ८:१५

हाच प्रश्न मला नातेवाइकांच्या लग्नातही विचारतात. नाही. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. आम्ही फक्त सांगतो की तुमचं हत्यार १० मिमीला इतकं चुकतं, २० ला इतकं, आणि आमच्या सांगण्यातही इतकी शंका धरा. आमचे ठोकळे आमच्यापेक्षा वरच्या लॅबने तपासलेले, त्यांचे त्यांच्यापेक्षा वरच्या, असं करत साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. ०-२५ च्या चांगल्या मायक्रोमीटरला साधारण चार मायक्रॉन चूक माफ असते. चुकणारं हत्यार वाईट नसतं. किती चुकतं ते माहीत नसलेलं हत्यार वाईट.

कारखान्यातून कधी कधी मायक्रोमीटर येतात, सर्टिफिकेट तीन वर्षं अगदी वेळेवर, आणि मायक्रोमीटर सी-क्लॅम्पसारखा वापरलेला. कागद बरोबर, हत्यार गेलेलं.

फिटरचा_मुलगा | मंगळवार, रात्री ८:४०

डायल गेजबद्दलही कुणी सांगा. माझ्याकडे पपी डायल (काडी हलली की काटा फिरतो ते छोटं डायल गेज) आहे, लेथवर जॉब सेंटर करायला. त्याचं आणि साध्या डायलचं कधी जुळत नाही.

टर्नर_अण्णा | मंगळवार, रात्री ९:०२

पपीची काडी जॉबला कशी लावता? काडी पृष्ठभागाला समांतर पाहिजे, जेवढी आडवी तेवढी बरी. तीस अंश उभी धरली तर डायल शंभर दाखवतंय तेव्हा खरं सत्त्याऐंशीच हलतंय. सेंटर करायला फरक पडत नाही, कारण तिथं काटा हलू नये एवढंच बघायचं. माप घ्यायला पपी वापरू नका.

आणि मॅग्नेटिक बेस. डायल तपासायच्या आधी बेसचा दांडा बोटानं दाबून बघा. काटा हलला आणि परत जागेवर आला नाही तर दोष डायलचा नाही, ढिल्या स्क्रूचा हाय. निम्म्या वेळा तेच निघतं.

उत्साही_तेवीस | मंगळवार, रात्री ९:३०

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ९:३१

काय लिहिलं होतं बे? आता झोप लागायची नाही.

उत्साही_तेवीस | मंगळवार, रात्री ९:३५

विचारलं होतं की मोबाइलच्या ॲपने मायक्रॉन मोजता येतात का. मग वरचे प्रतिसाद वाचले.

चव्वेचाळीस_अंश | बुधवार, सकाळी १०:००

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत विचारतो, धागाकर्ते कुठे गेले? शाफ्टचं काय झालं?

पत्र्याची_शेड | शनिवार, रात्री ८:२०

माफ करा, मार्चनंतरची कामं अजून संपत नाहीत बँकेत. आज वेळ मिळाला.

चार ६०८ आणली. दोन नवी, दोन भंगारातून. मामांच्या मायक्रोमीटरवर, रेघांच्या मधला अंदाज धरून : २१.९९५, २१.९९५, २१.९९, आणि एक २१.९७. शेवटचं शंकासुरांच्या नावाने बाजूला काढलं. इंची छर्रे : ३.१७५ च्या जागी ३.१७ आणि ३.१८ च्या मधे, ६.३५ ला ६.३५, ९.५२५ ला ९.५२ च्या जरा पुढे. म्हणजे मामांचा मायक्रोमीटर, जो गिरणी बंद पडल्यापासून जुन्या सुती फडक्यात गुंडाळून पडला होता, तो अजून खरं बोलतोय. आत्याला फोन करून सांगितलं. तिला मायक्रॉनचं काही कळलं नाही, पण बराच वेळ मामांविषयी बोलत होती.

व्हर्नियर : तेच ६०८ जबड्याच्या मुळाशी धरलं तर २२.००. टोकाला २१.९८. मधे २१.९६. एकाच हत्यारात तीन उत्तरं. म्हणजे माझ्या धाग्याच्या नावात तीन नाही, पाच उत्तरं पाहिजे होती.

डिजिटल मुळाशी २१.९९, टोकाला जोर लावला तर २१.९७. हलक्या हाताने धरलं की सुधारतो. सेलमधल्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा नाही.

शाफ्ट म्हणजे २०.०३ च होता. लेथवर लावून बारीक एमरी आणि तेल, दर मिनिटाला थांबून, गार होऊ देऊन मोजत आलो. मायक्रोमीटर २०.०० आणि २०.०१ च्या मधे आला तेव्हा थांबलो. अण्णा, तुमचं ऐकून टोकाला बेअरिंग आधी लावून बघितलं, हाताने अर्धं गेलं. नवीन बेअरिंग आहे हे, जुनं खुळखुळा म्हणून मुलाला दिलं.

आता पुढे ढकलायला ठोकू का नको?

टर्नर_अण्णा | शनिवार, रात्री ८:३४

ठोकायचंच असंल तर आतल्या रिंगवर बसंल असा पाइपचा तुकडा घ्या, टोकं काटकोनात सपाट केलेली. तुकडा फक्त आतल्या रिंगला टेकला पाहिजे. त्याहून बरं, बेअरिंग गरम करा. ऐंशी अंशाला भोक दहाएक मायक्रॉन मोठं होतं, आपोआप सरकतं. रबरी सीलवालं असलं तर त्याच्यावर तापवू नका, ग्रीस वितळतं. तव्यावर तर अजिबात नको.

चव्वेचाळीस_अंश | शनिवार, रात्री ८:४०

दुपारी दोन वाजता गच्चीवर काळ्या पत्र्यावर ठेवा. गरमी शेवटी कामाला आली, माझीही नोंद घ्यावी.

मायक्रॉनबाई | शनिवार, रात्री ९:१०

आकडे बघून फार बरं वाटलं. मामांचा मायक्रोमीटर ठेवताना दोन्ही तोंडं चिकटवून बंद करू नका, थोडी फट राहू द्या, तोंडांना तेलाचा हात लावा. पावसाळ्यात विशेषतः.

पत्र्याची_शेड | रविवार, दुपारी ४:०५

चढलं! गच्चीवरच्या पत्र्यावर अर्धा तास, मग हातमोजे घालून ढकललं, पाइपला फक्त दोन हलके ठोके. गार झाल्यावर हलत नाही, फिरतं मऊ. घरघर नाही.

व्हर्नियर फेकला नाही. त्याच्या जबड्याच्या मधल्या दीड सेंटीमीटरवर बायकोच्या लाल नेलपॉलिशने रंग लावलाय. तिथे धरायचं नाही, मुळाशी धरायचं. नेलपॉलिश कुठे गेलं, याची चौकशी घरात चालू आहे. इथे येऊन कुणी साक्ष देऊ नये.

शंकासुर | रविवार, दुपारी ४:३०

मंडळी, आत्ता माझा नवाकोरा व्हर्नियर ट्यूबलाइटसमोर धरला. मागच्या महिन्यात घेतलाय, खोक्यातून दोनदा काढला असेल.

उजेड दिसतोय.

टर्नर_अण्णा | रविवार, दुपारी ४:३३

मधे का टोकाला?